पांढऱ्या पाखराचं प्रकरण

दौंड,
२ डिसेंबर २०२५

चि. करुणा हीस मामाचा सप्रेम जयभीम.

पत्र हातानं लिहून त्याचा फोटू तुला धाडतोय. फोनवर बोलाय गेलो की तुझी मामी मधनंच फोन हिसकावती, आन् मंग कामाचं बाजूला ऱ्हातं. फोटूत माझा अंगठा आला आसंल, तर त्याच्या खालचा शब्द अंदाजानं वाच.

पयलं तुझं अभिनंदन. माझ्या बहिणीची पोरगी परदेशात भारत सरकारची 'कौन्सल' झाली, हे मी आख्ख्या गल्लीत सांगितलं. पण समद्यांनी 'कौन्सिलर' ऐकलं. आपला शेजारी गेणबा रोज इचारतो, तिकडं नगरसेविका झाली, तर हितल्या गटाराचं काय करंल का. न्हाई म्हणलं तर त्येला वाटतं, मी तुझी वळख त्येला वापरू देत न्हाई.

आता काम. आपल्या सोनमचं लगीन १५ फेब्रुवारीला धरलंय, रविवार हाय. नवरदेव नवनाथ, शिरूरकडचा. पाबळला वेल्डिंग शिकला आन् आता जहाजं दुरुस्त करायच्या कंपनीत हाय, तुझ्याच त्या ऑस्ट्रेलियातल्या शहरात. पोरगी पसंत करून तो तिकडं गेला, तवापास्नं रोज दोघांचा फोन. मी हॉल घेतला, पत्रिका छापायला दिल्या. पण हल्ली पोरगं इचित्र वागाय लागलंय. सोनमशी बोलताना कॅमेरा बंद ठेवतंय. आवाज नाकातनं येतो. कवा येणार इचारलं की म्हणतं, 'बघू.' नवरदेवानं 'बघू' म्हणावं व्हय? मी जलमभर रेल्वेत पॉइंट्समन होतो. सिग्नल पडला न्हाई, म्हंजी गाडी कुठंतरी अडकली, एवढं मला कळतं.

तू तिथली सरकारी माणूस. गुपचूप चौकशी कर. दारू, जुगार, आन् तिसरं काय आसंल ते.

तुझा मामा,
बन्सी


ऑस्ट्रेलिया,
६ डिसेंबर २०२५

आदरणीय बन्सीमामा,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. अंगठाही मिळाला. त्याच्याखाली 'जुगार' आहे की 'जुलाब' ते कळेना, मी जुगार धरला.

गेणबाकाकांना सांगा, मी नगरसेविका नाही. आपल्या देशाची जी माणसं इथे राहतात, त्यांचे पासपोर्ट, दाखले, अडचणी, कुणी हरवलं, कुणी पकडलं गेलं, हे सगळं माझ्या खिडकीशी येतं. काल एक आजोबा हयातीचा दाखला घ्यायला आले. मी रीतसर विचारलं, "आजोबा, स्वतः आलात ना?" तर म्हणाले, "तसं वाटतंय खरं." एका काकूंनी विमानतळावर अडवलेलं लोणचं सोडवून आणा म्हणून अर्ज दिलाय. 'आपलं नातं' या रकान्यात त्यांनी लिहिलंय, 'मीच घातलंय.'

आता नवनाथ. मामा, मी गुप्तहेर नाही. शिवाय खिडकीशी कोण आलं, का आलं, हे घरच्यांना सांगायची मला सक्त मनाई आहे. तुम्ही रेल्वेत नोकरी केलीत, नियम म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरी तुम्ही रात्रभर कूस बदलत बसाल, म्हणून एवढंच लिहिते. मुलगा सज्जन आहे, याची मला खात्री आहे. एका पांढऱ्या पाखरानं थोडा घोटाळा केलाय. तो निस्तरेल, मी बघतेय. याहून जास्त एक अक्षर लिहिता येणार नाही.

मामींना नमस्कार. आणि हे पत्र कुणालाही दाखवू नका.

आपली,
करुणा


दौंड,
९ डिसेंबर २०२५

चि. करुणा,

कुणाला दाखवू नका म्हणतीस, पण ते वाक्य शेवटाला लिहितीस. माझा चष्मा दुरुस्तीला पडलाय, म्हणून पत्र चहाच्या टपरीवर गेणबाकडनं मोठ्यानं वाचून घेतलं. तुझ्या शेवटच्या वाक्यापातुर आम्ही पोचलो, तवा तिथं बरीच माणसं गोळा झाली होती.

पांढरं पाखरू! गेणबानं ते दोनदा वाचलं. मागनं कुणीतरी शिट्टी मारली.

करुणा, मला सरळ सांग. गोरी हाय का? लग्नाची हाय का बिनलग्नाची? 'थोडा घोटाळा' म्हंजी कितवा महिना? 'निस्तरेल' म्हंजी ती बाई आपणहून सोडंल, का कोर्टात जावं लागंल? आन् तुला ती सज्जन माणसाची लक्षणं कुठं दिसली?

तुझ्या मामीनं छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर फेकला आन् मलाच बोलती, म्हणं पोरगं तुम्हीच पसंत केलं.  कंपनीत सोनमची दुसरी पाळी होती. डबा घिऊन गेली आन् भरलेला डबा परत आणला. ती आरडाओरडा करती तर बरं वाटलं असतं मला.

मी उद्या पयल्या यष्टीनं शिरूरला जातोय, नवनाथच्या आईकडं. रंभाबाईंच्या तोंडावर इचारतो आन् सोक्षमोक्ष लावूनच येतो.

मामा


ऑस्ट्रेलिया,
९ डिसेंबर २०२५, तातडीचं

मामा,

हे पत्र गेणबाकाकांना देऊ नका. (या वेळी आधी लिहितेय.)

पाखरू म्हणजे पाखरू! पंखवालं! भिगवणला धरणाच्या पाण्यावर थंडीत येतात, तसलं! बाई नाही, कोर्ट नाही, महिना तर मुळीच नाही.

मी असं अर्धवट लिहायलाच नको होतं. नियम पाळायचा तर पूर्ण पाळावा, मोडायचा तर नीट मोडावा. मी मधेच लोंबकळले. नवनाथला फोन करतेय, तो गोदीत कामावर असल्यामुळे उचलत नाही. त्यानं परवानगी दिली की सगळं सविस्तर कळवते. तोवर कृपा करून शिरूरला जाऊ नका.

करुणा


दौंड,
१२ डिसेंबर २०२५

चि. करुणा,

तुझं तातडीचं पत्र मी शिरूरवरनं परतल्यावर, गेणबाला न देता, फोनवर अक्षरं मोठी करून कसंबसं वाचलं. तवा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रंभाबाईंनी मला खुर्ची दिली, पोहं केलं, वरनं वलं खोबरं. मी म्हणलो, "पोहं ऱ्हाऊ द्या. त्या पाखराचं काय ते सांगा." बाईचं तोंड उतरलं.

"तुम्हाला कळलं?"

"म्हंजी खरं हाय?"

"खरं हाय, दादा. पण पोरगं म्हणलं, सासरी सांगू नको. लाज वाटती त्येला."

"लाज वाटायलाच पायजे! कवापास्नं चाललंय हे?"

"चाललंय कुठलं? एका घासात झालं समदं. आ केला आन् गिळलं."

करुणा, मला वाटलं, पोराच्या प्रतापानं बाईच्या डोस्क्यावर परिणाम झाला. मी म्हणलो, "ताई, तुम्ही जरा पडा." ती म्हणली, "पडू कशाला? पिशवीसकट गिळलं म्हणतो." मी म्हणलो, "डॉक्टर हाय का गावात?"

नेमका तवाच एक हवालदार दारात आला. हातात कागद. नवनाथची खात्री करायची हाय, त्येला वळखणारी दोन प्रतिष्ठित माणसं पायजेत. रंभाबाईंना केवढा आनंद! "हे काय, मुलीचे वडीलच बसल्यात. रेल्वेतले हायत. ह्यांच्याहून प्रतिष्ठित कोण मिळायचं?"

हवालदारानं पेन उघडला. माझ्या डोळ्यापुढं सोनमचा तो भरलेला डबा आला. मी उभा ऱ्हायलो आन् म्हणलो, "मी सदर इसमास वळखत न्हाई."

त्यानं तसंच लिहून घेतलं. मी सही केली. रंभाबाईंनी माझ्यापुढची बशी उचलली आन् आत नेली. दारापातुर सोडायला बी आल्या न्हाईत.

आता तू म्हणतीस पंखवालं. आगं, पाखरू काय गिळंल? आन् गिळलं तर नवरदेवाचा आवाज नाकातनं का यावा? मला तर तुम्ही समदी मिळून येड्यात काढताय आसं वाटतंय.

मामा


ऑस्ट्रेलिया,
१६ डिसेंबर २०२५

मामा,

आज रागावून लिहितेय. आधी माफी मागून ठेवते, मग रागावते.

नवनाथनं परवानगी दिलीय. आता ऐका.

इथे पेलिकन नावाचा पक्षी असतो. अंगानं पांढराशुभ्र, पंख तेवढे काळे, आपल्या शेळीएवढा, आणि चोचीखाली चामड्याची झोळी. गेल्या महिन्यात नवनाथ सुट्टी काढून लग्नाला यायचं तिकीट काढायला निघाला. कापडी पिशवीत पासपोर्ट ठेवला. तिकीट हाती पडल्यावर आनंदानं त्यानं तळलेले मासे घेतले, तेही त्याच पिशवीत टाकले, आणि धक्क्यावर सोनमला फोन करत उभा राहिला. मागून पेलिकन आला आणि पिशवी त्यानं झोळीत घेतली. मासे, पासपोर्ट, तिकीट, सगळं.

नवनाथनं पिशवीचा बंद सोडला नाही. पक्षी ओढतोय, हा ओढतोय. त्यानं पंखानं याच्या तोंडावर असा तडाखा दिला की नाकाचं हाड सरकलं. शेवटी बंद तुटला, नवनाथ पाण्यात पडला आणि पेलिकन उडून गेला. त्यानंतर सलग तीन रविवार तो त्या धक्क्यावर जाऊन बसला. का, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आतनं कधीतरी बाहेर येईल ना?" माझ्या खिडकीशी आला तेव्हा नाकावर ही मोठी पट्टी होती आणि हातात इथल्या पोलिसांचा कागद: 'पासपोर्ट: पक्ष्याने गिळला.' मी दोन तास तोंडावर गंभीर भाव ठेवून काम केलं, मामा. नोकरीतली एवढी अवघड कामगिरी मी अजून केली नव्हती.

सोनमला त्यानं का सांगितलं नाही? लाज. "वेल्डर माणूस, जहाजं जोडतो, आणि पाखराकडून हरलो असं होणाऱ्या बायकोला कसं सांगू?" म्हणून कॅमेरा बंद.

आता रागाचा भाग. नवा पासपोर्ट द्यायचा तर हा माणूस खरंच नवनाथच आहे, याची गावाकडून खात्री लागते. काल ती आली. 'भावी सासऱ्यांनी ओळखण्यास नकार दिला.' माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "हे काय आहे?" मी काय सांगणार होते? की ते सासरे माझे मामा आहेत, आणि त्यांचा चष्मा दुरुस्तीला आहे?

सगळं प्रकरण थांबलंय. तुम्ही जबाब दुरुस्त केला नाहीत, तर पंधरा फेब्रुवारीला हॉलमध्ये नवरदेव सोडून सगळे असतील.

एका पर्यटकानं काढलेला व्हिडिओ सोबत पाठवतेय. बघा आणि ठरवा.

करुणा


दौंड,
२१ डिसेंबर २०२५

चि. करुणा,

व्हिडिओ बघितला. माझ्या फोनवर बारका दिसत होता, म्हणून गेणबाच्या मोठ्या टीव्हीवर लावला. मंग काय, आख्खी गल्ली.

आगं काय ते जनावर! पाखरू कसलं, पंख लावलेला बकरा! आन् आपलं नवनाथ त्या पिशवीला लोंबकाळलंय, पायातली एक चप्पल हिकडं, एक तिकडं. पाण्यात पडल्यावर बी हात वर करून वरडतंय. गेणबा म्हणला, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. म्हातारी माणसं जमिनीवर लोळाय लागली. तुझी मामी तेवढी हासली न्हाई. म्हणली, "ज्येला पाखरू वढून नेतं, त्येला पोरगी द्यायची?"

सोनम दाराला टेकून उभी होती. तोंडाला वढणी लावलेली. मला वाटलं रडतीया. जवळ गेलो तर हासून हासून तिला श्वास घेता येईना. बऱ्याच दिसांनी हासली, करुणा. मंग डोळं पुसलं आन् आईला म्हणली, "आई, नाक मोडलं तरी त्यानं बंद सोडला न्हाई, बघितलंस का?" तुझ्या मामीनं जाऊन माळ्यावरचा गठ्ठा काढून आणला आन् पत्रिकांवरची धूळ पुसत बसली.

मी चष्मा आणला आन् दुसऱ्या दिशी शिरूरच्या पोलीस चौकीत गेलो. तोच हवालदार. म्हणला, "आजोबा, गेल्या आठवड्यात तुम्ही ह्यांना ओळखत नव्हता."

"व्हय."

"आता ओळखता?"

"चांगला वळखतो."

"मधल्या काळात ते भारतात आले होते का?"

"न्हाई."

"मग ओळख कशी झाली?"

मी फोन काढून त्याच्या म्होरं धरला. हवालदारानं एकदा बघितलं. मंग साहेबांना बोलावलं. मंग साहेबांनी आणिक कुणाला बोलावलं. माझा नवा जबाब घ्यायला दुपार झाली, कारण लिहिणाऱ्याला मधनंच हसू यायचं आन् खाडाखोड व्हायची. पण घेतला. चांगल्या अक्षरात घेतला.

तिथनं तसाच रंभाबाईंकडं गेलो. म्हणलो, "ताई, मी चुकलो."  बाई आत गेल्या आन् पोहं टाकलं. खोबरं न्हवतं ह्या वेळंला. पण पोहं दिलं.

मामा


ऑस्ट्रेलिया,
१२ जानेवारी २०२६

मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचा दुसरा जबाब आला. वरिष्ठ म्हणाले, "हे एकच गृहस्थ आहेत का?" मी म्हटलं, हो सर, मधे त्यांचा चष्मा मिळाला.

पण मामा, या सगळ्यात वेळ गेला. पुस्तकाचा नवा पासपोर्ट आता लग्नापर्यंत हाती पडणार नाही. मला देता येतो तो एका पानाचा तातडीचा दाखला. त्यावर फक्त भारतात परतता येतं, पुन्हा इकडे येता येत नाही. तिकडे पोचून नवा पासपोर्ट काढायचा, मग नवा व्हिसा. आणि कंपनीनं सांगितलंय की तोवर जागा ठेवू असं वचन देत नाही.

मी त्याला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. म्हटलं, तारीख दोन महिने पुढे ढकला, नोकरी वाचेल. मी बोलते घरी.  तो म्हणाला, "मॅडम, सोनमनं टपरीचं सांगितलंय मला. तारीख ढकलली तर तिथली माणसं म्हणतील, पाखरू म्हणजे खरंच बाई होती. सोनमला ते ऐकत कंपनीत जावं लागेल. वेल्डिंग काय, कुठंही करता येतं."

मी दाखला लिहिला. सही केली. ऑफिसात मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही. तो गेल्यावर मी उगाच त्याच्याशी झालेलं बोलणं मनात पुन्हा एकदा ऐकलं.

मला रजा मिळत नाही. लग्नात माझ्या वाटणीचं कुणीतरी जेवा.

आपली,
करुणा


दौंड,
१८ फेब्रुवारी २०२६

चि. करुणा हीस मामाचा, मामीचा आन् समद्या घराचा सप्रेम जयभीम.

लगीन पार पडलं. वंदना झाली, हार घातलं, गेणबानं कुणी न सांगता भाषण केलं, ते मधेच थांबवावं लागलं. तुझ्या वाटणीचं रंभाबाई जेवल्या. त्या आन् तुझी मामी आता येकाच ताटात जेवत्यात आन् माझ्याबद्दल बोलत्यात. नवनाथला कुरकुंभला काम लागलंय, तिकडच्यापेक्षा पगार कमी हाय. पासपोर्टचा अर्ज टाकलाय. म्होरचं म्होरं.

पण तुला लग्नापेक्षा दुसरंच सांगायचंय. तो आला त्या दिसाचं.

पुण्यावरनं गाडीनं येणार होता, म्हणून मी दौंड स्टेशनात गेलो. एकटाच. मनात भाषण पाठ केलं होतं, की बाबा नवनाथ, मी तुला वळखत न्हाई म्हणलो ते अमुक कारणानं, माझ्यापायी तुझी नोकरी गेली, तर आता मी तुला अमुक शब्द देतो. चांगलं लांबलचक होतं. गाडी उशिरा, त्यामुळं त्यात आणिक भर पडत गेली.

गाडी लागली. पोरगं उतरलं. आन् मी एक पाऊल टाकतोय तवर माझ्या बाजूनं कोण तरी सपासप म्होरं गेलं. बघतो तर सोनम. कंपनीच्या निळ्या कपड्यात, गळ्यात ओळखपत्र, पाळी सुटल्या-सुटल्या तशीच आलेली. घरात कुणाला पत्ता न्हाई. दोघं समोरासमोर उभी ऱ्हायली. फोनवर तासन् तास बोलणारी पोरं, तोंडातनं शब्द निघंना.

शेवटी सोनम म्हणली, "गाडी एवढी उशिरा?"

तो म्हणला, "मला काय इचारतीस? तुझ्या बाबांची रेल्वे हाय."

दोघं हासाय लागली. जी लागली ती थांबंनाच. मग त्यानं हातातली बॅग न बघता मागं केली, मी धरली, हमाल समजला आसंल. आन् दोघं बोलत-बोलत जिन्याकडं चालली. मी मागनं हाक मारली. ऐकाय गेली न्हाई. भाईर आलो तर रिक्षा गेलेली.

माझं भाषण तसंच ऱ्हायलं. तिथल्या बाकड्यावर बसलो, चहाची एक कटिंग मारली. ड्यूटीवरचं एक नवं पोरगं आलं आन् म्हणलं, "काका, कुणाची वाट बघताय?" मी म्हणलो, "न्हाई रे, पोचली समदी." आन् बॅग खांद्यावर टाकून चालत घरी आलो.

तुझा मामा,
बन्सी